लाइन जागी ठेवतोय

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजतो. खालचे शेलार काका. पाच वीसला परत वाजतो. शेलार काका. साडेपाचला पुन्हा तेच. नेरूळच्या सोसायटीत आम्ही पहिल्या मजल्यावर, ते तळमजल्यावर, बरोब्बर माझ्या पायाखाली. खिडकीतून हाक मारली तरी मी ओ देईन. पण नाही, फोनच करायचा. आणि बोलायचं काय, तर एकच वाक्य.

"काय न्हाई गं वनिता, लाइन जागी ठेवतोय."

एवढं बोलून ठेवून देतात. मी काही विचारायच्या आत.

मी घरी ब्लाउज शिवते. पाच ते सात ही आमच्या धंद्याची ऐन वेळ. ऑफिसातून सुटलेल्या बायका "झाला का हो?" करत दारात उभ्या. सुईखाली कोणाच्या तरी नणंदेच्या लग्नाची बाही, तोंडात टाचण्या, आणि हा फोन. टाचण्या काढा, चिंधी बाजूला करून मोबाइल शोधा, उचला, आणि "काय न्हाई गं". सुरुवातीला मी ह्यांना सांगितलं होतं, एक दिवस मी त्या मोबाइलवर इस्त्री फिरवणार आहे. हे म्हणाले, उचलू नकोस ना मग. ह्यांचं काय जातंय सांगायला! नाही उचलला तर सहानंतर काका गुडघा धरत जिना चढून वर यायचे आणि विचारायचे, "का गं, वाजला न्हाई का?" त्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही. त्यापेक्षा उचललेला बरा.

काका मूळचे कोरेगावकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर त्यांनी उभी हयात काढली. बाकीची माणसं गोणी उचलायची, काका फोन उचलायचे. पहाटेपासून गावोगावचे शेतकरी भाव विचारायला फोन करायचे, आणि नुसत्या "हॅलो"वरून माणूस जुन्नरचा की लोणंदचा हे काका ओळखायचे. निदान ते स्वतः तरी तसं सांगतात. अजूनही फोन उचलला की "हॅलो" म्हणत नाहीत. "बोला, शेलार" म्हणतात. आउटगोइंगबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. "आउटगोइंग काय, कुनीबी करतं. इनकमिंगला मान हाय," असं म्हणतात. त्यांच्या घरात फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला आहे, त्यावर काकूंनी विणलेलं क्रोशाचं झाकण. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात, काका फोनला झेंडूचं फूल वाहतात.

असा माणूस आणि त्याचा फोन वाजेनासा झाला. पण त्याआधी काकूंचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही म्हणाल की म्हातारा चक्रम आहे.

कमलकाकू विसरायला लागल्या त्याला तीनेक वर्षं झाली. आधी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, मग वार चुकायला लागले, मग रस्ते. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. काकांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. ते म्हणतात, "तिची रेंज जाती मधनंमधनं." बाई एवढी गोड आहे की आपल्याला विसरली तरी राग येत नाही. मला रोज नव्याने विचारतात, "तू कुनाची गं?" आणि उत्तर ऐकून रोज तेवढ्याच खूश होतात. मात्र एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून हललेली नाही. घरचा फोन नंबर. कधीही विचारा, शाळेतल्या पोरीसारखा घडाघडा म्हणून दाखवतात.

रोज पाचला काकू फिरायला निघतात. बाग, तिथून गणपतीचं देऊळ, सहापर्यंत घरी. एकट्या. कोणी म्हणालं की दाराला कडी घाला, तर काका भडकतात. ती काय कोंबडी हाय का, म्हणतात. मी म्हटलं, मग तुम्ही जा की बरोबर. तर त्यालाही त्यांच्याकडे कारण आहे.

झालं असं होतं. ते दोघं सीवूड्सला चपला आणायला गेले होते. गर्दीत काकूंचा हात सुटला. काका दुकानादुकानातून वरखाली पळतायत, आणि काकू तिकडे स्टेशनबाहेर एका चहावाल्याकडे जाऊन बसल्या. त्याने शहाण्यासारखा नंबर विचारला आणि लावला. फोन वाजला, पण घरात कोण? कुलूप. मी वरून ऐकतेय, खाली घंटा वाजतेय, थांबतेय, परत वाजतेय. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते म्हणून बरं. मी खाली जाऊन उचलला, तेव्हा काकू सापडल्या. त्या दिवसापासून काकांचा नियम झाला. ती बाहेर असली की आपण फोनपाशी. "मी बरोबर गेलो आन् हात सुटला, तर घरी उचलायला कोन हाय?" मी म्हटलं, मी आहे की. ते म्हणाले, "तू दादरला अस्तर आणायला गेलेली असलीस तर?"

त्या चहावाल्याने म्हणे काकूंना आधी नवऱ्याचं नाव विचारलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. काका हे मला मोठ्या अभिमानाने सांगायचे. "घेनारच न्हाई ती. जन्मात घेतलं न्हाई. लग्नात उखाना घ्यायची वेळ आली, तर पदर तोंडावर घेऊन बसली. शेवटी मावशीनं घेतला तिच्या वतीनं." मी तरी कुठे ह्यांचं नाव घेते? पण मला ते येतं, हे मला माहीत आहे. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, काका, घरात सहज विचारून बघा ना, आठवतंय का. काका बराच वेळ फोनवरचं क्रोशाचं झाकण सारखं करत बसले. मग म्हणाले, "विचारलं, आन् न्हाई आलं तर?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तर अशात आमच्या सोसायटीतल्या जुन्या तारा गेल्या. आता फोन इंटरनेटवरून येणार, एक पांढरा डबा भिंतीला लागणार, नंबर तोच राहणार. नंबर तोच राहणार एवढं काकांनी कंपनीच्या माणसाकडून तीनदा वदवून घेतलं आणि सही केली. डबा लागला. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. आउटगोइंग झकास. इनकमिंग मात्र लहरी. करणाऱ्याला घंटा ऐकू जायची, वाजतोय वाजतोय असं वाटायचं, आणि इकडे फोन ढिम्म.

काकांची झोपच उडाली. सगळ्या सोसायटीला कामाला लावलं. "जरा टेस्टिंग करा." आता आमच्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहे. फोन कर म्हटलं की एक घंटी देणार आणि कापणार. आयुष्यभर मिसकॉलवर संसार केलेली माणसं, पूर्ण घंटी वाजू देताना जीव खालीवर होतो. काका वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ओरडायचे, "पूर्न वाजू द्या. मी उचलस्तवर वाजू द्या." भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खुणांशेजारी वेळेसकट फोनच्या खुणा व्हायला लागल्या. वाजला तिथे बरोबर, नाही वाजला तिथे फुली. काही दिवसांनी दुधाला जागाच उरली नाही.

कंपनीची माणसं चार वेळा आली. प्रत्येक वेळी एकच नाटक. माणूस येणार, आधी काकांच्या फोनवरून आपल्या मोबाइलला फोन लावणार, मग मोबाइलवरून उलटा लावणार. खणखणीत वाजणार. "काका, चालू आहे की." चहा पिऊन जाणार. तो गेटबाहेर पडला की डबा परत ढिम्म. चौथ्या वेळी तो काकांकडे असा बघून गेला की मलाच राग आला. माणसाला काय हौस असते का खोट्या तक्रारी करायची?

उपाय सांगणाऱ्यांना तर ऊत आला होता. मोबाइल घ्या. घेतला होता, पण त्याच्या कंपनीची तळमजल्यावर रेंज नाही, आणि काकूंना तो नंबर पाठही होईना. काकूंच्या गळ्यात नंबराचं कार्ड घाला. घातलं. काकूंनी ते काढून तुळशीत टाकलं. "मी काय दुकानातली साडी हाय का, चिठ्ठी लटकवायला?" मी गालातल्या गालात हसले. काका हसले नाहीत. मला म्हणाले, "तिला एवढा एकच नंबर येतो. तो सांगून बी फोन लागला न्हाई, तर तिला वाटंल हे बी आपलंच चुकलं."

मग कॅलेंडर बघता बघता काकांनीच रोग शोधून काढला. फोन वाजला त्या प्रत्येक खुणेच्या जरा आधी त्यांनी स्वतः कोणालातरी फोन केलेला होता. म्हणजे आपण बाहेर फोन केला की डबा जागा होतो, दहाएक मिनिटं जागा राहतो, तेवढ्यात आलेले फोन वाजतात, आणि मग परत झोपतो. कंपनीचा माणूस आधी बाहेर फोन लावायचा, म्हणून त्याच्यासमोर सगळं ठीक! आमच्या ह्यांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. काकांनी कंपनीला कळवलं, तर तिकडच्या मुलीने सांगितलं, तक्रार नोंदवली आहे, फोन बंद करून चालू करा.

मग काय. काकू पाचला बाहेर पडल्या की काका दर दहा मिनिटांनी डब्याला जागं करणार. आणि जागं करायला माणूस हवा, तो मी.

ही सगळी हकिकत कळल्यावर माझी चिडचिड गेली असं म्हणणार नाही. चिडचिड होतीच. पण सहा वाजता काकूंचा "तू कुनाची गं?" खालून ऐकू आला, की माझाही पाय मशीनवर हलका पडायचा.

आणि एका गुरुवारी सहा वाजले, सव्वासहा वाजले, काकू आल्याच नाहीत.

सहा दहाचा फोन आला तेव्हाच काकांचा आवाज कोरडा होता. मग पाच मिनिटांनी. मग दोन. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं आणि खाली धावले. हे नुकतेच आले होते, त्यांना आणि वॉचमनला बागेत, देवळात पाठवलं. दोघांचेही फोन आले, इथे नाहीत. साडेसहा. काका फोनपाशी बसून एकामागून एक नंबर फिरवत होते. मला, ह्यांना, वॉचमनला, परत मला. मी त्यांच्यासमोर उभी, आणि माझ्या हातात माझा मोबाइल वाजतोय, पडद्यावर शेलार काका. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मी तो नुसता कापला.

मी म्हटलं, काका, मी इथेच आहे. ते म्हणाले, "लाइन झोपंल गं."

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावून बघितला. एंगेज. परत लावला. एंगेज. काकू कुठेतरी कोणाला तरी नंबर सांगतायत, तो माणूस लावतोय, आणि काका इकडे लाइन जागी ठेवण्यासाठी लाइन अडवून बसलेत.

"काका, ठेवा खाली. बाहेरून कोणी लावत असेल तर एंगेज लागतोय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते तोंड मी विसरणार नाही. रिसीव्हर छातीशी धरलेला. ठेवला तर लाइन झोपणार, नाही ठेवला तर एंगेज. "आन् झोपली तर?" म्हणाले. मी म्हटलं, दहा मिनिटं आहेत आपल्याकडे, तुम्हीच शोधून काढलंय ना. त्यांच्या हातून रिसीव्हर मी काढून घेतला आणि ठेवला. ओढून घेतला असंच म्हणा ना.

मग आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो. देव्हाऱ्यात निरांजन, बाजूला डब्याचे हिरवे दिवे. दोन मिनिटं. चार. काका ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते, मला वाटलं रामरक्षा असेल, नीट ऐकलं तर आपलाच नंबर म्हणत होते. सहा मिनिटं. सात. मी मनात म्हटलं, देवा, ह्या बाईचा एवढा एक नंबर खरा ठरू दे.

आठव्या मिनिटाला फोन वाजला.

काकांचा हात पुढे गेला आणि रिसीव्हरला न लागताच मागे आला. मला म्हणाले, तू घे. मी उचलला. पलीकडे एक आगरी बाई, आवाज खणखणीत. "कवाधरनं लावतंय गो बाय तुमचा फोन! तुमची म्हातारी आमचे तलवलीला हाय, भाजीचे टोपलीपाशी बसलीय."

तळवली! नेरूळहून इतक्या लांब! मी विचारलं, बऱ्या आहेत ना? ती म्हणाली, एकदम बरी हाय, मीच घाबरले होते. नवऱ्याचं नाव विचारलं, दोनदा विचारलं, तर "नुसती बघत रायली. कायच नाय तिचे ध्यानान." नंबर मात्र फाडफाड बोलली. आणि एंगेज लागायला लागला तर काकूच तिला धीर देत होत्या. काकू तिला म्हणाल्या होत्या, एंगेज हाय म्हंजी ते घरीच हाईत, जरा दमानं लावा, त्यांचं बोलून झालं की लागंल.

मी काकांना एवढंच सांगितलं की सापडल्या, तळवलीला आहेत, सुखरूप आहेत. काकांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मग तळवली ऐकून मान हलवली. गावाहून नवे नवे आले तेव्हा त्यांनी तिथेच भाड्याची खोली घेतली होती. काकू बसमध्ये बसून आपल्या पहिल्या घरी गेल्या होत्या. निघताना काकांनी बागेतून परतलेल्या आमच्या ह्यांना फोनपाशी बसवलं आणि दर दहा मिनिटांनी लाइन जागी ठेवायला सांगितलं, न जाणो काकू तिथूनही उठल्या तर. आणि रिक्षात माझा मोबाइल वाजला की पलीकडून आमचे हे, "काही नाही गं, लाइन जागी ठेवतोय." मी म्हटलं, आता कळलं ना कसं वाटतं ते.

काकू रस्त्याकडेला पालथ्या क्रेटवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. काकांना बघून उठल्यासुद्धा नाहीत. "अवो, येवढा वेळ कुनाशी बोलत हुता?" असं विचारलं. काकांनी त्यांच्या मांडीवरची टोपली उचलून बाजूला ठेवली आणि हात धरला.

पुढची गोष्ट तशी साधी आहे. पुढच्या वेळी कंपनीचा माणूस आला तेव्हा मी दारातच कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, आधी बाहेरून फोन लाव. घरातला रिसीव्हर उचललास तर याद राख. त्याने लावला. त्याच्या कानात घंटा, घरात चिडीचूप. तेव्हा कुठे बाबाचे डोळे उघडले. ऑफिसला फोन करून त्याने डब्यातली कुठलीशी सेटिंग बदलून घेतली. आता डबा आपला आपण जागा राहतो. अर्ध्या तासाचं काम होतं. काका अजूनही पाच दहाला एक फोन करतात, सवय म्हणून. मीही उचलते.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. काकूंना मी रिक्षात बसवलं आणि मागे वळून बघितलं, तर काका त्या भाजीवालीपाशीच उभे. मला वाटलं आभार मानतायत. जवळ गेले तर ते खालच्या आवाजात काही विचारत होते.

"तुमी तिला माजं नाव इचारलं असंल ना? तवा ती इचारात पडली, का लाजली?"

बाईने माझ्याकडे बघितलं. फोनवर मला काय सांगितलं ते तिला आठवत होतं, मलाही आठवत होतं. मी खाली बघितलं.

"लाजली ना," ती म्हणाली. "पदर घेतलान तोंडाव. बोलं, मी नाय नाव घेयाची."

"वाटलंच मला," काका म्हणाले. पुन्हा म्हणाले, "वाटलंच मला." आणि गुडघा विसरून रिक्षाकडे चालायला लागले.

तिने जबरदस्तीने माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या. मी तिचा हात दाबला आणि रिक्षाकडे वळले. घरी आल्यावर ह्यांनी सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. एवढं एक सांगितलं नाही.